वरच्या मजल्यावरची झोपण्याची खोली उन्हाळ्यात एसीने थंड कशी ठेवावी

नागपूर, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यातील अनेक दुपारी पारा 43 ते 45 अंश सेल्सिअसवर जातो. पण सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची खरी तक्रार दुपारची नसते. रात्री दहा वाजता बाहेरचा वारा थोडा निवलेला असतो, एसी 18 अंशांवर लावलेला असतो आणि तरीही पलंगावर पडल्यावर अंगाला धग जाणवत राहते, ही ती तक्रार असते. अशा वेळी दुकानदार मोठ्या टनाचा एसी सुचवतो आणि मेकॅनिक गॅस कमी झाल्याचे सांगतो. कधी कधी त्यांचे म्हणणे बरोबर असते. परंतु वरच्या मजल्यावर बहुतेक वेळा दोष यंत्रात नसून डोक्यावरच्या स्लॅबमध्ये असतो.

एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि त्याची उचलण्याची ताकद ठरलेली असते. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू, अर्थात सुमारे 3,500 वॅट इतकी उष्णता. त्यामुळे खोलीत शिरणारी उष्णता आधी कमी करावी, मग यंत्र तपासावे आणि रिमोटला हात सर्वांत शेवटी लावावा, हा क्रम सोयीचा आणि स्वस्तही पडतो. खालील पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत. त्या विदर्भातील कोरड्या उन्हाळ्याला धरून आहेत; मुंबई, कोकण किंवा गोव्यातील दमट हवेसाठी जेथे वेगळे काही करावे लागते, तेथे तसे सांगितले आहे.

पहिली पायरी: उष्णता कोठून येते ते हाताने तपासा

रात्री नऊ-दहाच्या सुमारास पंखा पूर्ण बंद करून स्टुलावर चढावे आणि तळहात छताला लावावा. नंतर तोच हात घराच्या आतील भिंतीला आणि मग पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीला लावावा. छत आतील भिंतीपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे. स्लॅब आणि त्यावरचा कोबा दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला काही तास लागतात. म्हणूनच छताची खालची बाजू दुपारी बारापेक्षा सायंकाळी आणि रात्री अधिक तापलेली असते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. एसीचा सेन्सर हवेचे तापमान मोजतो. तापलेले छत मात्र हवेला वगळून थेट अंगावर उष्णता फेकते. त्यामुळे रिमोटवर 25 दिसत असतानाही झोपणाऱ्याला उकडते, तो आकडा खाली आणत जातो, आणि हवा गार होऊनही धग जात नाही.

हिशेब करून पाहिला तर चित्र आणखी स्पष्ट होते. दहा फूट बाय बारा फूट खोलीवरचा स्लॅब साधारण 11 चौरस मीटरचा असतो. कोणतेही उष्णतारोधक नसलेल्या स्लॅबमधून, आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, दर चौरस मीटरला सुमारे तीन वॅट उष्णता आत येते. भर उन्हात गच्चीचा पृष्ठभाग 60 अंशांच्या आसपास जातो, आत आपल्याला 26 अंश हवे असतात, म्हणजे फरक 34 अंशांचा झाला. एकूण आकडा 1,100 वॅटच्या वर जातो. एक टनाच्या एसीची जवळपास एकतृतीयांश ताकद केवळ छताशी झगडण्यात खर्च होते. खिडक्या, भिंती आणि खोलीतील माणसे यांचा हिशेब अजून झालेलाच नाही. झोपलेला माणूस साधारण 70 ते 75 वॅट उष्णता देतो, म्हणजे दोघांचे मिळून दीडशे. छतापुढे ते काहीच नाही.

दुसरी पायरी: गच्ची पांढरी करा

सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक फरक पडतो तो येथे. पांढरा पृष्ठभाग ऊन मोठ्या प्रमाणात परतवतो, त्यामुळे काळवंडलेल्या कोब्याच्या तुलनेत त्याचे तापमान बरेच खाली राहते. सोपा आणि जुना मार्ग चुन्याचा आहे. मार्चच्या सुरुवातीस गच्ची झाडून, शेवाळ खरवडून, धुऊन घ्यावी. विझवून गाळलेल्या चुन्यात थोडे पांढरे सिमेंट आणि डिंक मिसळून, पृष्ठभाग किंचित ओला असताना रुंद ब्रशने पहिला हात द्यावा. तो वाळल्यावर आडव्या दिशेने दुसरा. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे, कारण तापलेल्या कोब्यावर चुना लगेच सुकतो आणि पापुद्र्यांनी निघतो. कळीचा चुना घरी विझवणार असाल तर तो उकळून उडतो हे ध्यानात ठेवून डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे घालावेत. लहान मुलांना तेव्हा गच्चीवर येऊ देऊ नये.

चुना पहिल्या पावसाळ्यात बहुतांशी वाहून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावावा लागतो. उष्णता परावर्तित करणारे तयार रंग महाग असले तरी काही वर्षे टिकतात. मात्र धूळ बसली की त्यांचाही उपयोग घटतो, म्हणून उन्हाळ्यात अधूनमधून गच्ची धुणे आवश्यक असते. नव्याने वॉटरप्रूफिंग करणारच असाल तर कोब्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचा थर हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे: तो तापत कमी, टिकतो अधिक, आणि अनवाणी चालताही येते. गृहनिर्माण संस्थेची गच्ची सामाईक असते, त्यामुळे काहीही लावण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.

ग्रीन नेट बांधायची असेल तर ती गच्चीवर पसरू नये, तीन-चार फूट उंच ताणावी, म्हणजे खालून वारा फिरतो. सूर्यास्तानंतर गच्चीवर पाणी शिंपडल्यानेही स्लॅब लवकर निवतो, कारण एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे 0.68 युनिट इतकी उष्णता खेचली जाते. तथापि ज्या गावांत उन्हाळ्यात टँकर लागतात तेथे हा उपाय सुचवणे योग्य नाही, आणि गळणाऱ्या स्लॅबवर तर पाणी मुळीच टाकू नये.

भाड्याच्या घरात गच्चीला हात लावता येत नसेल, तर आतून फॉल्स सीलिंग करून त्यावर रॉकवूलसारखे उष्णतारोधक अंथरता येते. छताला उघडे थर्मोकोल चिकटवण्याची पद्धत मात्र टाळावी. ते सहज पेट घेते, आणि झोपण्याच्या खोलीत त्याला जागा नाही.

तिसरी पायरी: खिडक्या, फटी आणि पश्चिमेची भिंत

आतला पडदा कितीही जाड असला, तरी काचेतून आत आलेले ऊन खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवले तर खरा उपयोग होतो. छज्जा पुरेसा नसेल तर बाहेरून बांबूची चिक, वाळ्याची कोरडी ताटी किंवा ग्रीन नेट टांगावी. विशेषतः पश्चिमेच्या खिडकीला हे करावेच, कारण दुपारनंतरचे ऊन तिरपे येते आणि छज्ज्याच्या खालून सरळ आत शिरते. कपाट हलवणे शक्य असेल तर ते पश्चिमेच्या भिंतीला लावावे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू त्या भिंतीपासून दूर न्यावी.

नंतर फटी पाहाव्यात. एसी चालू असताना उदबत्ती पेटवून ती दाराच्या खालच्या कडेशी, सरकत्या खिडकीच्या दोन्ही काचा जेथे एकमेकींवर येतात तेथे, आणि एसीचा पाइप भिंतीतून बाहेर जातो त्या भोकाशी धरावी. धूर ज्या ठिकाणी ओढला किंवा ढकलला जातो, तेथे हवेची ये-जा आहे. दाराखाली रबरी पट्टी, खिडकीला फोम टेप आणि पाइपच्या भोकाला पुट्टी एवढ्यावर काम भागते. जुन्या घरांत छताजवळ झरोका असतो. तो रात्री बंद करता येईल अशी झडप सुताराकडून बसवून घ्यावी. खोलीला लागून बाथरूम असेल तर त्याचे दार बंद ठेवावे आणि एक्झॉस्ट पंखा सुरू राहिलेला नाही याची खात्री करावी, कारण तो पंखा तुमची थंड केलेली हवा रात्रभर बाहेर फेकत राहतो.

फटी बुजवल्यावर हवा कोंदट होणार, हे ओघानेच आले. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तो आतलीच हवा फिरवतो. विदर्भात पहाटे पाच ते सात ही दिवसातील सर्वांत थंड वेळ असते. तेव्हा एसी बंद करून खिडक्या सताड उघडाव्यात, खोली मोकळी होऊ द्यावी आणि ऊन चढण्यापूर्वी सर्व बंद करून पडदे ओढावेत.

चौथी पायरी: कूलर आणि एसी यांची गाठ पडू देऊ नका

विदर्भातील घरांत डेझर्ट कूलर असतोच, आणि एसी नंतर येतो. त्यामुळे दिवसा कूलर आणि रात्री एसी ही व्यवस्था बहुतेक घरांत आपोआप जमते. चूक होते ती दोन्हींच्या मधल्या वेळेत. कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसीला तेच पाणी कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवर, थेंबांत रूपांतरित करून पाइपवाटे बाहेर काढावे लागते. वर जो 0.68 युनिटचा आकडा आला, तो येथे उलट लागू होतो: गच्चीवर उडून गेलेले एक लिटर पाणी जेवढी उष्णता घेऊन जाते, तेवढीच उष्णता खोलीच्या हवेतील एक लिटर बाष्प बाहेर काढताना एसीला अधिकची उचलावी लागते. दीड टनाचा एसी तासाला सुमारे 5.2 युनिट उष्णता उचलतो; कूलर सुरूच राहून तासाभरात चार-पाच लिटर बाष्प काढावे लागले, तर त्या तासाची बरीचशी ताकद त्यातच जाते आणि खोलीचे तापमान हलत नाही.

म्हणून हॉलमध्ये कूलर सुरू असताना झोपण्याच्या खोलीचे दार बंद ठेवावे, एसी लावण्याच्या किमान एक तास आधी कूलर थांबवावा आणि कूलरची खिडकी फळी किंवा जाड प्लास्टिकने झाकावी. त्याच खोलीत दोन्ही असतील तर हे झाकणे विसरून चालत नाही, कारण कूलरचे उघडे तोंड म्हणजे भिंतीला पडलेले मोठे भगदाड असते. ओले कपडे खोलीत वाळत घालणे आणि खिडकीजवळ पाण्याची परात ठेवणे यांनाही हाच नियम लागू होतो.

पाचवी पायरी: यंत्र आणि त्याची मांडणी

नवीन एसी घेताना आधीच्या तीन पायऱ्यांवर काम झालेले असेल, तर 120 चौरस फुटांपर्यंतच्या खोलीला एक टन पुरतो. वरचा मजला, पश्चिमेची भिंत आणि उघडा स्लॅब तिन्ही असतील तर दीड टन घ्यावा. डब्यावर छापलेली क्षमता बाहेरचे तापमान 35 अंश धरून मोजलेली असते; 45 अंशांत तीच क्षमता मिळत नाही. विदर्भासाठी म्हणून किती बाहेरील तापमानापर्यंत यंत्र चालते, हा आकडा माहितीपत्रकात शोधावा आणि तो 50 अंशांच्या पुढे असेल असेच मॉडेल निवडावे. ताऱ्यांचे निकष ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो वेळोवेळी कडक करत असल्याने जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच तारे सारखे नसतात. तुलना करताना लेबलवरील आयएसईईआरचा (हंगामभराच्या ऊर्जा कार्यक्षमतेचा; जास्त तितका चांगला) आकडा आणि वर्ष पाहावे.

बसवण्याच्या वेळी स्वतः समोर उभे राहावे. इनडोअर युनिट जमिनीपासून सात ते आठ फुटांवर आणि छतापासून काही इंच खाली असावे, म्हणजे वरून हवा ओढायला जागा राहते. हवेचा झोत पलंगावर थेट येऊ नये. तो पलंगाच्या लांबीला समांतर किंवा पायांकडून जावा. तांब्याच्या पाइपची जोडणी झाल्यावर मेकॅनिकने व्हॅक्यूम पंप लावून पाइपमधील हवा आणि बाष्प काढले पाहिजे. थोडा गॅस सोडून हवा 'ढकलून देण्याची' पद्धत घाईची आहे आणि तिची किंमत पुढे कॉम्प्रेसर मोजतो. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर-32 हा सौम्य ज्वलनशील, तर काहींत आर-290 हा चांगलाच ज्वलनशील गॅस असतो, त्यामुळे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे. विजेसाठी दीड टनाला वेगळी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि व्यवस्थित अर्थिंग लागते. एक्स्टेंशन बोर्डवर एसी चालवणे हे आगीला दिलेले आमंत्रण आहे. रात्री व्होल्टेज पडत असेल तर यंत्र किती व्होल्टच्या पट्ट्यात चालते ते पाहून स्टॅबिलायझरचा निर्णय घ्यावा.

आउटडोअर युनिट वरच्या मजल्याचे लोक बहुधा गच्चीवरच ठेवतात, आणि तेही थेट तापलेल्या कोब्यावर. ते लोखंडी स्टँडवर किमान दीड फूट उंच असावे, मागे भिंतीपासून अंतर असावे आणि पुढची बाजू पूर्ण मोकळी असावी. सावली द्यायची तर वरून तीन फुटांवर द्यावी. युनिटला गुंडाळू नये. मे महिन्यात गच्चीवर कुरडया-पापडांच्या खाटा लागतात आणि आउटडोअरच्या गरम झोतासमोर कुरडया झटपट वाळतात, हे खरे आहे, पण खाट अगदी समोर टेकली की तोच गरम झोत परत युनिटमध्ये खेचला जातो आणि खाली खोलीत झोपलेल्यांना त्याची शिक्षा होते. दोन हात अंतर ठेवले म्हणजे दोन्ही कामे होतात.

सहावी पायरी: सफाई आणि थर्मामीटरची चाचणी

हंगामात दर पंधरा दिवसांनी इनडोअरचे फिल्टर काढून नळाखाली धुवावेत आणि सावलीत वाळवून परत लावावेत. आउटडोअरची जाळी मार्चमध्ये एकदा, वीज बंद करून, साध्या पाइपने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने जाळीतील धातूच्या पातळ पट्ट्या (फिन) वाकतात.

त्यानंतर पंधरा मिनिटे एसी चालवून एका थर्मामीटरने वरून आत जाणाऱ्या हवेचे आणि दुसऱ्याने, किंवा त्याच थर्मामीटरने काही मिनिटांनी, खालून येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. दोहोंत 8 ते 12 अंशांचा फरक असेल तर यंत्र सामान्यतः नीट काम करत आहे आणि खोली थंड न होण्याचे कारण अन्यत्र आहे. फरक फारच कमी असेल किंवा कॉइलवर बर्फ जमत असेल, तर फिल्टर स्वच्छ असल्याची खात्री करून मगच मेकॅनिक बोलवावा. तो गॅस भरायचा म्हणाला, तर गळती कोठे आहे हे आधी दाखवायला सांगावे. एसीतील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो, आणि कमी झाला असेल तर कोठूनतरी निसटला आहे. गळती न बुजवता दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे मेकॅनिकला वार्षिक वर्गणी देणे होय. आर-32 भरताना वजनकाट्यावर मोजून भरावा, आणि किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून घ्यावे.

सातवी पायरी: रात्रीचे वेळापत्रक

झोपण्याच्या साधारण एक तास आधी दार-खिडक्या बंद करून एसी 24 अंशांवर सुरू करावा. भारतात 1 जानेवारी 2020 पासून ताऱ्यांचे लेबल असलेल्या घरगुती एसींसाठी 24 अंश हेच मूळ सेटिंग ठरवण्यात आले आहे. रिमोट 16 वर नेल्याने खोली लवकर थंड होत नाही. साधा एसी एकाच गतीने चालतो आणि गरजेनुसार गती बदलणारा इन्व्हर्टर एसी सुरुवातीला तसाही पूर्ण जोरात असतो. 16 चा परिणाम एवढाच की तो थांबत नाही. छत आणि भिंती निवायला वेळ लागतो, आणि तो वेळ आधी सुरू करूनच मिळतो.

झोपताना तापमान 26 वर आणावे आणि छताचा पंखा सर्वांत कमी गतीवर लावावा. पंख्याचा वारा अंगावर असला की 26 अंश पुरेसे गार वाटतात, आणि तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. गच्ची पांढरी नसलेल्या घरात मात्र एक अपवाद करावा: खोली गार होण्यापूर्वी पंखा जोरात लावला तर तो छताला चिकटलेली गरम हवा खाली आणतो, म्हणून पहिला अर्धा तास पंखा बंदच ठेवावा. रात्री तापमान आपोआप थोडे वाढवणारा स्लीप मोड असल्यास वापरावा. पहाटे शरीराला तेवढ्या थंडाव्याची गरज नसते. इन्व्हर्टर एसी रात्रीतून दोन-तीनदा बंद-सुरू करण्यापेक्षा 26-27 वर सलग चालू देणे बरे, कारण खोली स्थिरावल्यावर तो आपला वेग आणि वीज दोन्ही उतरवतो.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात घाम हा मोठा प्रश्न असतो, तापमान नव्हे. तेथे एसीच्या ब्लोअरचा, म्हणजे आतल्या पंख्याचा, वेग कमी ठेवला की कॉइलवर अधिक बाष्प थांबते. रात्री उशिरा, बाष्प काढण्यावर भर देणारा ड्राय मोडही उपयोगी पडतो. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात ड्राय मोडचा काही उपयोग नाही.

किती वीज लागते हे अंदाजाने ठरवू नये. झोपताना आणि उठल्यावर मीटरचे वाचन लिहून ठेवावे, आणि गच्चीला चुना लावण्यापूर्वीच्या व नंतरच्या आठवड्यांची तुलना करावी. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी वाढत जातात. पंखे, दिवे, फ्रीज यांचा वापर बाराही महिने असतोच; एसीचे युनिट त्यांच्यावर चढतात आणि म्हणून ते सर्वांत महाग टप्प्यात पडतात. घरातील सरासरी दराने हिशेब केला तर एसी स्वस्त वाटतो, खरा खर्च शेवटच्या टप्प्याच्या दराने धरावा लागतो.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हवा दमट होते आणि मे महिन्यात जेमतेम ओला होणारा ड्रेन पाइप एकाएकी सतत वाहू लागतो. त्यात धूळ आणि शेवाळ साठलेले असते, त्यामुळे पाणी उलटे फिरून इनडोअरमधून भिंतीवर ओघळते. पावसाळ्याआधी पाइपचे बाहेरचे टोक मोकळे आहे ना, त्याला सर्वत्र उतार आहे ना आणि तो बादलीतल्या पाण्यात बुडालेला नाही ना, हे पाहावे आणि आतून अर्धा तांब्या पाणी सावकाश ओतून ते विनाअडथळा बाहेर येते याची खात्री करून घ्यावी.